अपूर्ण खेळांची विक्री : डिजिटल दुकानांतील अर्ली ॲक्सेस व बीटा आवृत्त्यांचे स्वरूप आणि ग्राहकाचे स्थान

बीजसंज्ञा : अर्ली ॲक्सेस, बीटा आवृत्ती, डिजिटल वितरण, ग्राहक संरक्षण, परतावा

प्रस्तावना

ठाणे शहरातील बाळकुम हा परिसर जुने गावठाण आणि त्याच्या भोवती उभे राहिलेले गृहसंकुलांचे मनोरे अशा दुहेरी रूपात आज दिसतो. या मनोऱ्यांतील असंख्य कुटुंबांनी आपले घर ते बांधून होण्यापूर्वीच विकत घेतलेले आहे. माहितीपत्रक पाहिले, नमुना सदनिकेत फेरफटका मारला, बांधकामाच्या टप्प्यांनुसार हप्ते भरले आणि मग ताब्याची वाट पाहिली, हा अनुभव येथील मध्यमवर्गाला नवा नाही. अपूर्ण वस्तू विकत घेण्यातील आशा आणि धास्ती या दोहोंची त्याला पुरेशी ओळख आहे.

याच घरांतील तरुण पिढी आज आणखी एक अपूर्ण वस्तू विकत घेते. संगणकावरील वा भ्रमणध्वनीवरील खेळ पूर्ण होण्याआधीच डिजिटल दुकानांत ठेवला जातो, त्यावर 'अर्ली ॲक्सेस' किंवा 'बीटा' अशी पाटी असते आणि ग्राहक ती पाटी वाचून (अनेकदा न वाचताच) पैसे भरतो. या व्यवहाराचे स्वरूप काय, त्यात जोखीम कोणाची आणि भारतीय ग्राहकास त्यात कोणते स्थान आहे, हे उलगडून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय. खेळ हा विषय विद्यापीठीय चर्चेस हलका वाटण्याचा संभव आहे. तथापि येथे प्रश्न खेळाचा कमी आणि विक्रीच्या कराराचा अधिक आहे.

संज्ञांचा उलगडा

संगणकीय प्रणालीच्या निर्मितीत दोन चाचणी-अवस्था पूर्वापार मानल्या जातात. निर्मात्यांनी आपल्याच कार्यालयात घेतलेली पहिली चाचणी म्हणजे अल्फा, आणि बाहेरच्या माणसांच्या हाती देऊन घेतलेली दुसरी चाचणी म्हणजे बीटा. बीटाचेही दोन प्रकार आहेत. मोजक्या निमंत्रितांपुरती असते ती बंद बीटा आणि कोणासही सहभागी होता येते ती खुली बीटा. नाट्यव्यवसायातील परिभाषा वापरावयाची तर अल्फा ही वाचन व उभ्या तालमींची अवस्था आणि बीटा ही रंगीत तालीम म्हणता येईल. रंगीत तालमीस चार जाणकार मंडळी बोलावली जातात. ती प्रयोग पाहतात, खटकले ते सांगतात, आणि त्यासाठी त्यांच्याकडून तिकिटाचे पैसे घेतले जात नाहीत.

अर्ली ॲक्सेस हा रंगीत तालमीस तिकीट लावण्याचा प्रकार आहे. येथे परीक्षक हाच ग्राहक असतो. तो चुका शोधतो, सूचना करतो आणि त्यासाठी किंमतही मोजतो. बीटा व अर्ली ॲक्सेस या संज्ञा बोलण्यात सर्रास एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. परंतु पैसे कोण कोणाला देतो या एका निकषावर त्या वेगळ्या करणे विश्लेषणाच्या दृष्टीने आवश्यक ठरते.

'बीटा' या शब्दाची धार बोथट होण्यास खेळांच्या बाहेरील घडामोडीही कारणीभूत आहेत. गूगलची जीमेल ही सेवा एप्रिल २००४ मध्ये सुरू झाली आणि तिच्या नावाखालची बीटा ही पाटी थेट जुलै २००९ मध्ये उतरली. पाच वर्षे कोट्यवधी लोक 'चाचणीतील' पत्रपेटी दैनंदिन कामासाठी वापरत होते. चाचणी ही तात्पुरती अवस्था आहे हा समज तेथूनच ढिला होत गेला. अर्थात जीमेल मोफत होते, ही बाब येथे नोंदवून ठेवली पाहिजे.

अपूर्ण खेळ उघडपणे विकण्याची प्रथा रुजविण्याचे श्रेय बव्हंशी 'माइनक्राफ्ट'कडे जाते. स्वीडनमधील मार्कुस पेर्सन यांनी २००९ पासून हा खेळ अल्फा अवस्थेतच विकावयास आरंभ केला. खेळ जसजसा वाढेल तसतशी किंमत वाढेल, लवकर येणाऱ्यास तो स्वस्त मिळेल, असे त्याचे सूत्र होते. नोव्हेंबर २०११ मध्ये पूर्ण आवृत्ती आली तेव्हा तिच्या घडणीचा खर्च ग्राहकांनी आधीच भागविला होता. आपल्याकडील प्रकाशनपूर्व सवलतीशी याचे साम्य सहज ध्यानात येईल. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंडही ग्रंथ हाती येण्यापूर्वी जमविलेल्या लोकांच्या पैशावरच उभे राहिले. मात्र ज्ञानकोशाच्या वर्गणीदारास अर्धवट छापलेले, मुद्रितशोधन न झालेले फर्मे वाचावयास दिले गेले नव्हते. माइनक्राफ्टच्या ग्राहकास तेच दिले गेले आणि त्याला ते आवडले, हे या व्यवहाराचे खरे वेगळेपण आहे.

दुकानातील व्यवहार

व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीचे स्टीम हे संगणकीय खेळांचे सर्वांत मोठे डिजिटल दुकान. तेथे मार्च २०१३ मध्ये अर्ली ॲक्सेस हा स्वतंत्र विभाग उघडण्यात आला. आरंभी त्यात जेमतेम डझनभर खेळ होते. आज ही विक्रीची नित्याची पद्धत झाली आहे.

या विभागात खेळ ठेवू इच्छिणाऱ्या निर्मात्यास एक प्रश्नावली भरून द्यावी लागते. खेळ आताच का विकत आहात, किती काळ ही अवस्था राहील, पूर्ण आवृत्ती कोणत्या बाबतीत वेगळी असेल, सध्या काय तयार आहे, किंमत पुढे बदलेल काय, ग्राहकांच्या सूचना कशा घेणार, अशी ती प्रश्नावली आहे. उत्तरे विक्रीच्या पानावर ग्राहकास दिसतात. व्हॉल्व्हचे निर्मात्यांना असेही सांगणे आहे की भविष्याविषयी ठोस वचने देऊ नयेत, आणि या विभागातून विक्री झालीच नाही तर खेळ पूर्ण करता येणार नाही अशी स्थिती असेल तर येथे येऊ नये. ग्राहकासही बजावलेले असते की खेळ आज आहे त्या अवस्थेत खेळावासा वाटत नसेल तर थांबावे, कारण तो पुढे बदलेल किंवा बदलणारही नाही.

ही सूचना प्रामाणिक आहे. परंतु तिच्यामुळे अपूर्णतेची सारी जोखीम एका वाक्यात ग्राहकाच्या पदरात पडते, हेही तितकेच खरे. दुकानास प्रत्येक विक्रीमागे आपला वाटा (सामान्यतः ३० टक्के) तत्काळ मिळतो. खेळ पुढे पूर्ण झाला नाही म्हणून तो वाटा परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही.

परताव्याचा नियम या संदर्भात बारकाईने पाहण्यासारखा आहे. जून २०१५ पासून स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळून दोन तासांहून कमी वेळ झाला असल्यास पैसे परत मागता येतात. पूर्ण खेळाच्या बाबतीत हा नियम उदार आहे. संगणकावर खेळ चालत नसेल तर ते दोन तासांत कळते. अर्ली ॲक्सेसमधील मुख्य दोष मात्र पहिल्या पंधरवड्यात प्रकट होतच नाही. खेळ अर्धवट सोडून दिला गेला, हे ग्राहकास वर्षा-दोन वर्षांनी उमगते आणि तोवर परताव्याचे दार कधीच बंद झालेले असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्टीमने एक सुधारणा केली. वर्षाहून अधिक काळ ज्या खेळात निर्मात्याने काहीच भर घातलेली नाही, त्याच्या पानावर तशी ठळक सूचना दिसू लागली. नव्या ग्राहकास तिचा उपयोग आहे, पण ज्याने आधीच पैसे भरले त्याला ती सूचना म्हणजे केवळ बातमी होय.

अर्ली ॲक्सेस या नावाने चालणारा आणखी एक प्रकार येथे बाजूला काढला पाहिजे. काही मोठे प्रकाशक पूर्ण झालेला खेळ महाग आवृत्ती घेणाऱ्यांना इतरांपेक्षा दोन-तीन दिवस आधी देतात. त्याचा अपूर्णतेशी संबंध नाही, तो केवळ रांगेत पुढे उभे राहण्याचा दर आहे. स्टीमने एप्रिल २०२४ मध्ये या प्रकारास 'ॲडव्हान्स्ड ॲक्सेस' असे निराळे नाव दिले आणि त्या आगाऊ दिवसांत खेळलेला वेळ परताव्याच्या दोन तासांत धरण्यास आरंभ केला.

पूर्णत्व कोण ठरवितो

या पद्धतीचे उत्तम फलित म्हणून बेल्जियममधील लारियन स्टुडिओजच्या 'बाल्डर्स गेट ३' या खेळाचा उल्लेख केला जातो. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याचा पहिला अंक तेवढा विक्रीस आला, ग्राहकांच्या वर्तनावरून व सूचनांवरून जवळजवळ तीन वर्षे काम चालले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण खेळ प्रसिद्ध झाला. सुपरजायंट गेम्सचा 'हेडीस' डिसेंबर २०१८ ते सप्टेंबर २०२० असाच घडत गेला. या दोन्ही उदाहरणांत निर्मात्यांपाशी आधीच्या खेळांचा अनुभव व भांडवल होते, हे विसरता कामा नये. अर्ली ॲक्सेसची गरज ज्यांना कमी, त्यांनाच ती अधिक फळते, असा काहीसा विपरीत न्याय येथे दिसतो.

दुसऱ्या बाजूची उदाहरणे अधिक बोलकी आहेत. 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम २' हा खेळ फेब्रुवारी २०२३ मध्ये अपूर्ण अवस्थेत विक्रीस आला. तो घडविणारा स्टुडिओ २०२४ मध्ये बंद झाला, तरी खेळ विक्रीस राहिला. 'द डे बिफोर' हा खेळ ७ डिसेंबर २०२३ रोजी आला आणि अवघ्या चार दिवसांत त्याच्या निर्मात्यांनी आपली संस्था बंद होत असल्याचे जाहीर केले. तेथे सर्व ग्राहकांना पैसे परत मिळाले. म्हणजे चार दिवसांत कोसळलेल्या इमारतीतील रहिवाशांना भरपाई मिळाली आणि चौथ्या मजल्यावर काम थांबलेल्या इमारतीतील रहिवासी तसेच राहिले.

याहून सूक्ष्म असे तिसरे उदाहरण 'स्पेसबेस डीएफ-९' या खेळाचे आहे. डबल फाइन या नामांकित संस्थेने तो ऑक्टोबर २०१३ मध्ये अपूर्ण अवस्थेत विक्रीस आणला. वर्षभराने, अपेक्षित विक्री होत नाही असे दिसल्यावर, योजलेल्या अनेक गोष्टी गाळून त्यास १.० हा पूर्ण आवृत्तीचा क्रमांक दिला आणि काम थांबविले. कागदोपत्री खेळ पूर्ण झाला. ग्राहकांच्या लेखी तो सोडून दिला गेला.

बाळकुमच्या सदनिकेशी तुलना केली असता यातील उणीव नेमकी कळते. इमारत पूर्ण झाली हे विकासक स्वतःच्या सहीने ठरवू शकत नाही, त्यासाठी ठाणे महानगरपालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र लागते. स्थावर संपदा अधिनियम २०१६ आणि त्याखाली मे २०१७ पासून कार्यरत झालेले महारेरा यांनी पुढची बंधनेही घातली. नोंदणीकृत करारनाम्याशिवाय किंमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या जमिनीच्या व बांधकामाच्या खर्चासाठी स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. ठरल्या मुदतीत ताबा न दिल्यास ग्राहक व्याजासह पैसे परत मागू शकतो. अपूर्ण खेळाच्या विक्रीत यांपैकी एकही गोष्ट नाही. पैसा कोठे खर्च झाला हे दिसत नाही, मुदत बंधनकारक नाही आणि पूर्णत्वाचा दाखला विक्रेताच स्वतःला देतो.

अर्थात पाचशे-हजार रुपयांच्या खेळास आयुष्याच्या पुंजीने घेतलेल्या घराइतके संरक्षण द्यावे, असे कोणी म्हणणार नाही. तसे केल्यास दोन-तीन माणसांचे लहान स्टुडिओ पहिल्याच महिन्यात बुडतील. तरीही मुदत, पैशाचा विनियोग आणि पूर्णत्वाचा त्रयस्थ दाखला या तिन्हींपैकी किमान एक तरी असावे, ही अपेक्षा प्रस्तुत लेखकास अवाजवी वाटत नाही. व्हॉल्व्हसारख्या दुकानाने आपल्या वाट्यातील काही भाग पूर्ण आवृत्तीपर्यंत राखून ठेवणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही.

महाराष्ट्रातील अनुभव

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ या चर्चेत महत्त्वाचा आहे. २०१७ मध्ये किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकवर्गणी मागण्याचा त्यांचा प्रयत्न उद्दिष्टापर्यंत पोहोचू शकला नाही. तरीही खेळ बांधून पूर्ण केला गेला आणि २०२० मध्ये तो जगभर प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये उत्कृष्ट पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याचे नामांकन झाले. पुरस्कार मात्र 'फॅस्मोफोबिया' या ब्रिटिश खेळास मिळाला. तो सप्टेंबर २०२० मध्ये, म्हणजे काही महिनेच आधी, अर्ली ॲक्सेसमध्ये आलेला होता आणि २०२५ पर्यंत तो त्याच विभागात होता. पूर्ण केलेला खेळ मागे राहिला आणि अपूर्ण खेळ पदार्पणाचा मानकरी ठरला. यात अन्याय झाला असे म्हणण्याचा हेतू नाही. पदार्पण कशास म्हणावे याविषयीची धारणाच बदलली आहे, एवढे त्यावरून दिसते.

भारतात हा शब्द घरोघरी पोहोचला तो मात्र भ्रमणध्वनीमुळे. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली. त्यानंतर क्राफ्टॉन या कोरियन कंपनीने 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' हा खेळ १७ जून २०२१ रोजी अँड्रॉइडवर अर्ली ॲक्सेस म्हणून उघडला आणि २ जुलै २०२१ रोजी अधिकृतपणे प्रसिद्ध केला. येथे खेळ मुळात तयारच होता. त्या पंधरा दिवसांत तपासला जात होता तो सर्व्हरवरील भार. तसेच अल्पवयीनांसाठी पालकांची संमती, दिवसाला तीन तासांची मर्यादा आणि ७,००० रुपयांची खर्चमर्यादा अशा भारतापुरत्या केलेल्या व्यवस्था. म्हणजे एकच संज्ञा संगणकाच्या दुकानात 'अजून बांधत आहोत' असे सांगते आणि भ्रमणध्वनीच्या दुकानात 'दार हळूहळू उघडत आहोत' असे सांगते. जुलै २०२२ मध्ये हा खेळही दुकानांतून काढला गेला व मे २०२३ मध्ये परत आला. पूर्ण खेळाचे आयुष्यही निश्चित नसते, याची ही आठवण होय.

पुण्यातीलच सुपरगेमिंग या संस्थेच्या 'इंडस' या खेळाने तिसरा मार्ग स्वीकारला. जानेवारी २०२३ मध्ये गूगल प्लेवर पूर्वनोंदणी सुरू झाली, निवडक खेळाडूंसाठी बंद बीटा चाचण्या झाल्या आणि १६ ऑक्टोबर २०२४ रोजी खेळ सर्वांसाठी खुला झाला. तोवर पूर्वनोंदणी एक कोटीच्या पुढे गेलेली होती. पूर्वनोंदणीस पैसे पडत नाहीत. ग्राहकाची झाली तर प्रतीक्षेची झीज झाली. खेळाडूच्या खिशाच्या दृष्टीने हाच मार्ग सर्वांत निर्धोक, परंतु त्यासाठी निर्मात्यापाशी गुंतवणूकदारांचा पैसा असावा लागतो.

बारा परीक्षकांचा प्रश्न

आतापर्यंतचे विवेचन ग्राहकाच्या बाजूने झाले. निर्मात्याची बाजू, विशेषतः घरच्या खोलीत बसून पहिला खेळ घडविणाऱ्या विद्यार्थ्याची, वेगळी आहे. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक विकसक खात्यांसाठी गूगल प्लेने अट घातली की खेळ वा ॲप सर्वांसाठी प्रसिद्ध करण्याआधी बंद चाचणीत किमान २० परीक्षक सलग १४ दिवस सहभागी असले पाहिजेत. डिसेंबर २०२४ मध्ये ही संख्या १२ वर आणण्यात आली. खाते उघडण्याचे शुल्क २५ डॉलर, एकदाच. ॲपलच्या दालनात वार्षिक शुल्क ९९ डॉलर आहे. तेथील टेस्टफ्लाइट या व्यवस्थेत १०,००० पर्यंत बाहेरचे परीक्षक घेता येतात आणि प्रत्येक चाचणी-आवृत्ती ९० दिवसांनी आपोआप बंद पडते. चाचणीला मुदत असावी हे तत्त्व येथे यंत्रणेतच बसविले आहे, ही गोष्ट अर्ली ॲक्सेसच्या अमर्याद मुदतीच्या शेजारी ठेवून पाहावी.

बारा माणसे म्हणजे वर्गातील एक बाक-रांग. पण चौदा दिवस न चुकता टिकणारी, खेळ उघडून पाहणारी आणि काय बिघडले ते नीट शब्दांत लिहून देणारी बारा माणसे मिळविणे महाविद्यालयीन विद्यार्थ्यास जड जाते. मैत्रीखातर नाव नोंदवून दुसऱ्या दिवशी खेळ काढून टाकणारेच अधिक. चाचणी हे श्रमाचे काम आहे, हे अशा वेळी कळते. आणि ते श्रमाचे असेल तर अर्ली ॲक्सेसचा ग्राहक जे करतो त्याचे मोल कोणी द्यावयाचे, हा प्रश्न आपोआप पुढे येतो. गूगल प्लेवर चाचणीतील आवृत्तीविषयी परीक्षकाने दिलेला अभिप्राय सार्वजनिक होत नाही, तो केवळ विकसकापर्यंत जातो. स्टीमवर अर्ली ॲक्सेसचा ग्राहक उघड अभिप्राय लिहू शकतो. पैसे घेतल्यावर निदान बोलण्याचा हक्क तरी दिला गेला आहे, असे म्हणावे लागेल.

ग्राहक कायद्याची चौकट

ग्राहक चळवळीचा वारसा महाराष्ट्रास मोठा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची उभारणी केली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. त्या काळातील प्रश्न भेसळीचे, वजनमापाचे व टंचाईचे होते. अपूर्ण खेळ ही वस्तू त्या मापात बसत नाही. खरे तर ती वस्तूच नव्हे. ग्राहकास मिळतो तो वापराचा परवाना. कॅलिफोर्निया राज्यात जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने विक्रेत्यास हे स्पष्ट सांगणे भाग पाडले आहे.

भारतात जुलै २०२० पासून अंमलात आलेला ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ हा येथे मुख्य आधार होय. त्याखालील ई-कॉमर्स नियम भारतातील ग्राहकांना पद्धतशीरपणे वस्तू वा सेवा देऊ करणाऱ्या परदेशी दुकानांनाही लागू होतात. परंतु 'सेवेतील त्रुटी' सिद्ध करताना अडचण उभी राहते ती त्याच प्रामाणिक पाटीची. खेळ अपूर्ण आहे असे आधीच सांगितले असेल तर अपूर्णता ही त्रुटी ठरणे कठीण आहे. माझ्या मते तक्रारीचा पाया अपूर्णता हा नसून विक्रीच्या वेळी दिलेले वेळापत्रक हा असावा. पानावर 'सुमारे एक वर्ष' असे लिहिले, त्यावर विसंबून ग्राहकाने पैसे दिले आणि निर्मात्याने मध्येच काम थांबवून विक्री मात्र चालू ठेवली, तर ते दिशाभूल करणारे निवेदन ठरू शकते. हा युक्तिवाद टिकेलच असे नाही, पण मांडण्याजोगा आहे.

पाचशे रुपयांसाठी आयोगाकडे कोण जाणार, हा व्यावहारिक आक्षेप रास्त आहे. तरीही काही तरतुदी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास तक्रारीचे शुल्क नाही. ग्राहक जेथे राहतो वा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे बाळकुमच्या रहिवाशास ती ठाण्यातच करता येईल. समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने, आयोगाच्या परवानगीने, एकत्र तक्रार दाखल करण्याची सोय आहे. जानेवारी २०२५ पासून ई-जागृती या संकेतस्थळावरून ती ऑनलाइन देता येते, आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर विनामूल्य नोंद करता येते.

अशा तक्रारीत पुरावा म्हणून सर्वाधिक उपयोगी पडतो तो खरेदीच्या दिवशीचा विक्री-पानाचा मजकूर, आणि नेमका तोच नंतर हाती राहत नाही. प्रश्नावलीची उत्तरे निर्मात्यास केव्हाही बदलता येतात. 'सहा महिने' या जागी 'काम होईल तेव्हा' असे शब्द आले तरी जुन्या ग्राहकास त्याची वेगळी सूचना मिळेलच असे नाही. म्हणून पैसे भरण्यापूर्वी त्या पानाचे, त्यावरील मुदतीचे व किंमतीविषयीच्या उत्तराचे छायाचित्र दिनांकासह जपून ठेवावे आणि ते देयकाच्या ई-मेलसोबत एकाच ठिकाणी ठेवावे. सदनिकेचे माहितीपत्रक व पैसे भरल्याच्या पावत्या आपल्या घरांत कपाटाच्या कुलूपबंद खणात असतातच.